अर्धी मिशी

कडूबाईच्या अंगात ताप फणफणत होता, छातीतली घरघर दारापर्यंत ऐकू येत होती, आणि तिचा लेक आश्रुबा मास्तर उंबऱ्यात बसून एकच गोष्ट घोळवत होता. निरोप आधी कोणाकडे धाडावा? मोमिनाबादच्या पाद्रीसाहेबांकडे, की ओढ्यापलीकडच्या धुळाजी चुलत्याकडे? साहेबांना आधी कळवलं तर भावकी म्हणणार, आम्हाला परकं केलं. भावकीला आधी कळवलं तर साहेब म्हणणार, मास्तर, तुमची जुनी ओढ सुटली नाही. शेवटी त्याने दोन माणसं एकाच वेळी दोन दिशांना पिटाळली आणि दोघांनाही बजावलं, "पयलं तुमालाच कळवतोय, असं सांगा."

ते मानमोडीच्या तापाचं साल होतं. धारूरच्या डोंगरापासून खाली नांदूरघाटापर्यंत गावंच्या गावं आडवी झाली होती. चालता माणूस बांधावर बसायचा आणि तिथूनच त्याला उचलून न्यावं लागायचं. तालुक्याहून सरकारी दवंडी आली होती, की तापाच्या माणसाजवळ कोणी जाऊ नये. औषध काही आलं नव्हतं. गावकुसाबाहेरच्या त्या वस्तीत ख्रिस्ती झालेली घरं चार. त्यातल्या दोन घरांतले पुरुष अंथरुणावर होते, तिसऱ्या घरातला मागच्याच आठवड्यात मातीआड गेला होता. चौथं घर आश्रुबाचं.

आश्रुबा मिशनच्या झोपडीवजा शाळेत पोरांना अक्षरं शिकवी आणि रविवारी उपासना चालवी. माणूस वाईट नव्हता. फक्त कोणाला नाही म्हणायची वेळ आली की त्याच्या तोंडून हो निघे. पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत, त्या वस्तीतले सगळेच घेत. पण आश्रुबा मिशनच्या आवारात शिरतानाही सवयीने हातात घेई आणि साहेब पाहताहेत म्हटल्यावर घाईघाईने पायात घाली. प्रार्थनेचंही तसंच. साहेब हजर असले की त्याची प्रार्थना चुलीवरची भाकर करपेपर्यंत चाले. नसले की भाकर थापायच्या आत संपे. आणि प्रार्थना लांब असो की आखूड, त्याचा डावा डोळा किलकिला उघडा असे. कोण ऐकतंय, कोणाला पटतंय, कोण जांभई देतंय, हे त्याला कळल्याशिवाय पुढचा शब्द सुचत नसे.

राहता राहिल्या त्याच्या मिशा. त्या मात्र झुबकेदार होत्या आणि त्यांना रोज तेल मिळे. दोन वर्षांमागे त्याचा बाप गेला, तेव्हा भावकीच्या जुन्या रीतीप्रमाणे त्या उतरवायची वेळ आली होती. पण साहेब नेमके शेजारी उभे होते, म्हणून आश्रुबाने वस्तऱ्याला नकार दिला. पुढच्या रविवारी साहेबांनी भर मंडळीत त्याच्या ओठाकडे बोट करून सांगितलं, "मनुष्यांची भीड न धरणारा शिष्य पाहावयाचा असेल तर हा पाहा." धुळाजीने त्याच दिवशी त्याच्याशी बोलणं टाकलं. मग आश्रुबा गुळाचा खडा घेऊन चुलत्याच्या दारात गेला आणि म्हणाला, "तात्या, राग सोडा. आईच्या वक्ताला नक्की उतरवीन." आई अजून पुष्कळ वर्षं पुरेल, असा त्याचा त्या वेळी हिशेब होता.

"काय बघतूस सारखा भाईर?" आतून कडूबाईने विचारलं.

"कोन येतंय का बघतो. लोक येतील आई. घर हे असं पसरल्यालं. कसं दिसंल?"

"कुनाला?" म्हातारी म्हणाली.

हा तिचा जुनाच प्रश्न होता. वस्तीत पहिला बाप्तिस्मा तिने घेतला होता. त्यानंतर भावकीने तिला आडात पोहरा टाकू दिला नाही. ती ओढ्यात झिरा खणून पाणी प्याली आणि कोणापाशी ब्र काढला नाही. लेक 'लोकाला कसं दिसंल' म्हणून हातपाय गाळून बसला, की ती एवढंच विचारी, 'कुनाला?' आणि आश्रुबाला त्यावर उत्तर सापडत नसे, कारण त्याच्याकडे फार उत्तरं होती.

"हिकडं ये. बस," ती म्हणाली. "मला माती देताना परार्थना तू करायची. साहेबानं न्हाई. तुझ्या तोंडानं. अन् दोनी डोळे मिटून. येक उघडा ठिवतूस तू, मला ठावं हाय."

आश्रुबाचा चेहरा पडला. मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं. "तुला कसं ठावं? म्हंजे तूबी परार्थनेत डोळे उघडतीस?"

"मी माझ्या लेकाकडं बघत व्हते. देव म्हनला आसंल, बघू दे हिला." म्हातारी हसली, आणि त्या हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबल्यावर तिने त्याचा हात धरला. "मला वचन दे. ज्याला सांगायचं त्याला सांग. बाकी कुनाकडं बघू नको."

आश्रुबाने वचन दिलं. जन्मभर त्याने इतकी वचनं दिली होती, की हे देतानाही त्याचा हात सवयीने पुढे झाला. पण तिचा हात भाजत होता, आणि तो सोडवून घेताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

पहाटे कडूबाई गेली.

उजाडल्यावर साहेबांकडचा माणूस परत आला. साहेब आडसकडे आजाऱ्यांना भेटायला गेले होते आणि उद्याच येणार होते. पाठोपाठ धुळाजी आला. त्याच्यासोबत भावकीतले सहा-सात बाप्ये होते. दोघं परस्पर कुदळ घेऊन खड्डा खणायला गेले, बाकीचे अंगणात तिरडीसाठी कळक घेऊन बसले. धुळाजीने मात्र कळकाला हात लावला नाही. त्याने आश्रुबाला बाजूला घेतलं.

"वैनी गेली. लई कष्टाची बाई. पर तू शब्द दिलता, ध्यानात हाय ना?"

"हाय तात्या."

"मग उतरव. मिशी उतरवल्याबिगर आमच्यातला येकबी खांदा देनार न्हाई. तुझ्या मंडळीत खांद्याला कोन उभं ऱ्हातंय ते बघ आन् मग बोल."

आश्रुबाने पाहिलं. मंडळीत उभं राहण्याजोगं कोणीच नव्हतं. साहेब उद्या येणार. उद्यापर्यंत काहीतरी सुचेल. तापात केस गळतात म्हणतात, ओठावरचेही गळत असतील. तो घराच्या मागे लिंबाखाली जाऊन बसला. गावच्या न्हाव्याचा हात वस्तीतल्या डोक्याला लागत नसे, म्हणून वस्तीत वस्तरा भारत चालवी. भारत एरवी दोर वळायचा आणि त्याच्या हाताला तीच घाई होती. त्याने वाटीतलं पाणी ओठावर चोळलं, वस्तरा तळहातावर फिरवला आणि डावीकडून सुरुवात केली. दोन वर्षांच्या तेलाची मिशी मांडीवर पडली. डावी बाजू साफ झाली. भारतने आश्रुबाची मान उजवीकडे वळवली, आणि तेवढ्यात घरापुढे घोडं फुरफुरलं.

"मास्तर!" साहेबांचा आवाज आला. "मी वाटेतच वर्तमान ऐकले. आपल्या मातोश्री प्रभूच्या ठायी निजल्या."

आश्रुबाच्या तोंडचं पाणी पळालं. भारतचा वस्तरा हवेतच राहिला. "आता?" भारत म्हणाला. "काढू का ठिवू?"

"ठिव! न्हाई, काढ! न्हाई, थांब!" आश्रुबा उठला आणि त्याने खांद्यावरचं उपरणं डोळ्यांखालपासून हनुवटीपर्यंत घट्ट गुंडाळलं. मग तो घराला वळसा घालून पुढे गेला.

गोरे पाद्रीसाहेब टोपी काढून उभे होते. ते मनाने चांगले होते, आणि दहा गावांतली दुःखं हिंडून त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी आश्रुबाकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं.

"मास्तर, आपण मुख का झाकले आहे? आपणासही ताप आहे काय?"

नाही म्हणायचं तर उपरणं काढावं लागलं असतं. आश्रुबाने क्षणभर विचार केला आणि खोकला. खोकला बरा जमला, म्हणून आणखी एकदा खोकला. त्याला कापरंही भरलं होतं, ते मात्र खरं होतं.

"अरेरे!" साहेब म्हणाले.

अंगणात सुतळी ओढणाऱ्यांचे हात थांबले. "आता तर धडधाकट व्हता की," कोणीतरी कुजबुजलं. "ह्यो ताप आसाच येतोय, उभ्या मानसाला," दुसरा म्हणाला. एवढ्यात मागून भारत आला. 'ताप' हा शब्द ऐकला आणि त्याला आठवलं, की आपण आत्ताच ह्याच्या तोंडाशी तोंड नेऊन बसलो होतो. त्याने हातातली वाटी टाकली आणि ओढ्याच्या दिशेने जी धूम ठोकली, ती पाहून बाकीच्यांना वेगळा पुरावा लागला नाही. अर्धवट बांधलेली तिरडी सोडून सगळे कुंपणापाशी जाऊन उभे राहिले.

"तात्या! ताप न्हाई मला!" आश्रुबा उपरण्यातून ओरडला.

"मग फडकं काढ!" धुळाजी कुंपणापलीकडून म्हणाला. "तोंड बघू दे."

"होय, मास्तर," साहेबही म्हणाले, "मलाही जीभ पाहू द्या."

आश्रुबाने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. उपरणं काढलं तर साहेबांना गेलेली मिशी दिसणार आणि चुलत्याला राहिलेली. दोघांच्याही मर्जीची अर्धी मिशी होती आणि दोघांनाही ती चालणार नव्हती. त्याचा हात उपरण्यापर्यंत गेला आणि तिथेच थबकला. आई घरात वाट पाहत पडली होती आणि लेकाला ओठाची पंचाईत पडली होती. असल्या वेळी जमीन फाटून माणसाला पोटात घेत नाही, हे किती वाईट!

तो थबकला, एवढं सगळ्यांना पुरलं.

"न्हाई काढत! म्हंजे हाय ताप!" धुळाजी म्हणाला. "चला रे. मेल्यालं गेलं, जित्त्यांनी कशापायी मरायचं?" आणि भावकी पांगली. खड्डा खणणाऱ्या दोघांना खड्ड्यापाशीच बातमी लागली, आणि ते कुदळ तिथेच टाकून घरी गेले.

साहेब घोड्यावर बसले. "मास्तर, आपण अंथरुणावर पडावे. मी बंगल्यावरून औषध घेऊन उद्या प्रातःकाळी येतो आणि दफनविधी मीच करितो. हा माझा शब्द." त्यांनी दुरूनच हात वर करून आशीर्वाद दिला आणि घोडं मोमिनाबादच्या वाटेला लागलं.

अंगणात कोणी उरलं नाही. चतुराबाई, आश्रुबाची बायको, घरातून बाहेर आली. तिने सासूला न्हाऊ घालून धुवट लुगडं नेसवलं होतं. तिने मोकळं अंगण पाहिलं, अर्धी तिरडी पाहिली, आणि मग नवऱ्यापाशी येऊन त्याच्या तोंडावरचं उपरणं खाली ओढलं.

तिने ओठाकडे नीट पाहिलं. हसली नाही, रडलीही नाही.

"उद्यापतुर म्हातारीला ठिवायचं न्हाई," ती म्हणाली. "दोन दिस झालं ऊन कसं हाय, बघताव न्हवं तुमी. उचला."

"दोगांनीच?"

"तिसरं कोन हाय?"

त्यांनी कडूबाईला तिच्या बाजेसकट उचललं. पुढे आश्रुबा, मागे चतुराबाई. निघताना त्याने उपरणं पुन्हा तोंडाला गुंडाळलं होतं, कारण वाट गावकुसाला लागून जात होती. दवंडीमुळे माणसं घरात कोंडली होती आणि कोंडलेली माणसं माळवदावर चढून वाटेकडेच बघत बसत. पाटील अर्जुनरावांच्या माळवदावरही माणसं होती. आश्रुबाने तिरक्या डोळ्याने पाहिलं, आणि तेवढ्यात उपरणं सैल झालं.

"चतुरे, जरा टेकव. उपरनं सुटलंय."

"टेकवायला न्हाई जमायचं. हितं उतार हाय, आत्याबाई घसरतील."

त्याने मान वाकडी करून दातांनी उपरणं धरायचा प्रयत्न केला. बाज हिंदकळली. चतुराबाई मागून कळवळली, "अवो, आई पडंल तुमची!" त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते. एक हात सोडला असता तर उपरणं सावरलं असतं. त्याने सोडला नाही. उपरणं खांद्यावर घसरलं, तिथून बाजेच्या खुरावर, आणि खुरावरून वाटेत पडलं. चतुराबाईने त्यावर पाय देऊन पुढचं पाऊल टाकलं.

माळवदावर एक बाई फिस्सकन हसली आणि तिने लगेच पदर तोंडाला लावला. "मिशी बघा! अर्धीच हाय!" कोणीतरी म्हणालं. मग ते एका माळवदावरून दुसऱ्यावर गेलं. आश्रुबाचे कान तापले. त्याच्या जन्मात इतक्या लोकांनी त्याच्याकडे एकदम कधी पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं, आता चक्कर येणार. पण आईचं वजन हाताला ओढत होतं आणि त्या वजनाला घेऊन चालायचंच होतं.

खड्डा गुडघ्याएवढाच झाला होता, खाली सगळा मुरूम. आश्रुबाने टाकलेली कुदळ उचलली आणि तो खणू लागला. चतुराबाई हाताने माती उपसत होती. पोरांच्या पाटीवर लेखणी धरणारे त्याचे हात सोलवटून निघाले. ऊन डोक्यावरून कलायला लागलं तेव्हा कुठे खड्डा माणसाजोगा झाला. दोघांनी कडूबाईला हलकेच आत ठेवलं.

"करा," चतुराबाई म्हणाली. तिने डोळे मिटले.

आश्रुबाने डोळे मिटले. त्याला तोंडपाठ असलेली सगळी वाक्यं साहेबांच्या पसंतीची होती. समोर साहेब नव्हते, तर त्यातलं एकही ओठावर येईना. डावा डोळा सवयीने उघडू लागला. त्याने मातीच्या बोटांनी दोन्ही डोळे दाबून धरले.

"देवा," तो म्हणाला, "ही कडूबाई हाय. तुला ठावंच हाय. मी तिचा आश्रुबा. मीबी तुला ठावं हाय. मला ताप न्हाई. मी खोटं खोकलो."

तेवढ्यात बांधावर पावलं वाजली. धुळाजीचा आवाज आला. "आरं आश्रुबा! ताप न्हाई म्हनं तुला! समद्या गावानं तोंड बघितलं. मग तसं सांगायचं की! भारत हाय संगं. हितंच बस, राह्यल्याली काढू आन् समदे मिळून माती देऊ. दोघंच काय लोटताव? गावाला कसं दिसतंय हे!"

आश्रुबाचा आवाज चाचरला. हात सोलले होते, पाठ मोडली होती, आणि माती लोटायला माणसं आली होती. नुसता एक डोळा उघडायचा आणि मान डोलवायची. त्याने बोटं आणखी घट्ट दाबली.

"ती म्हनायची बाकी कुनाकडं बघू नको," तो पुढे बोलू लागला. "मी जलमभर त्यांच्याकडंच बघितलं. तुझ्याकडं बघायचं ऱ्हाऊन गेलं. आता येक म्हातारी तुझ्याकडं धाडतोय. तिला झिऱ्याचं पानी प्यावं लागलं. तिला चांगलं पानी दे. आन् मला..."

तो तसाच डोळे दाबून रडत राहिला. प्रार्थना संपली की नाही, हे बांधावरच्यांना कळेना. त्यांनी वाट पाहिली, दोनदा हाका मारल्या, आणि शेवटी ते गेले. आश्रुबाने डोळे उघडले तेव्हा बांध रिकामा होता.

"लई वेळ थांबले व्हते," चतुराबाई म्हणाली, आणि दोघं ओंजळीने माती लोटू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आश्रुबा आयुष्यभर जे टाळत आला, तेच घडलं. साहेब आणि धुळाजी एकाच वेळी दारात आले. साहेबांच्या हातात औषधाची बाटली होती, धुळाजीच्या मागे वस्तरा घेऊन भारत होता. आश्रुबा उंबऱ्यात बसला होता, उघड्या तोंडाने. एका बाजूला मिशी होती, एका बाजूला नव्हती.

साहेब पाहतच राहिले. "मास्तर, हे काय?"

आश्रुबाने सगळं सांगितलं. गुळाचा खडा, लिंबाखालचा वस्तरा, खोटा खोकला. काही लपवलं नाही आणि काही सजवलंही नाही. साहेबांनी मान खाली घातली.

"सत्य सांगितलेत, हे बरे केले," ते म्हणाले. "मी आपणास क्षमा करितो. परंतु रविवारी उपासनेस पलीकडच्या गावांतून मंडळी येईल. मिशी पूर्ववत होईपर्यंत आपण मुख झाकून बसावे. नाहीतर... हे कसे दिसेल?"

"तेच म्हनतोय मी!" धुळाजी पुढे सरसावला. "आज पयल्यांदा साहेब बरूबर बोलला. झाकतूस कशाला, उरल्याली काढून टाक. भावकीत तोंड दाखवायचंय आमाला. कसं दिसंल हे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या. दोन वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

आश्रुबाने सवयीने मागे वळून पाहिलं. कोपऱ्यातली बाजेची जागा मोकळी होती. त्याने वर पाहिलं, आधी साहेबांकडे, मग चुलत्याकडे, आणि विचारलं,

"कुनाला?"

चतुराबाई चुलीपाशी होती. तिचा हात थांबला आणि तिने पदर डोळ्यांना लावला. धुळाजी खाकरला आणि भारतकडे बघू लागला. साहेबांनी हातातल्या बाटलीकडे पाहिलं आणि ती उंबऱ्यावर ठेवली.

भारतने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. मग त्याने वस्तरा फडक्यात गुंडाळला.

"मग मी जाऊ का?" त्याने विचारलं.